तिसरं दार

क्लुज, १४ जानेवारी

श्रीमती स्मारांदा यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. माझं नाव क्रिना बुदुशान. तुमच्या आई होर्तेन्सियाबाई यांची मी अकादमीतली सहायक. आधी त्यांची विद्यार्थिनी होते. तुमचा बर्गनमधला घरचा पत्ता शोधणं मला बरं वाटलं नाही, म्हणून हे पत्र तुमच्या दंतचिकित्सालयाच्या पत्त्यावर पाठवते आहे. फोन केला असता, पण फोनवर माझी वाक्यं भलतीकडेच जातात.

कारण असं की, एप्रिलमध्ये फिलहार्मोनिकच्या सभागृहात बाईंचा निरोपाचा कार्यक्रम आहे. त्यानंतर बाई वर्ग सोडतील. पुस्तिकेतला त्यांचा परिचय मी लिहायचा असं डीनसाहेबांनी ठरवलं. आतापर्यंत मी लिहिलं आहे ते असं: सिगेतच्या एका घड्याळजीची मुलगी. पियानोचं शिक्षण बुखारेस्टला. परदेशातल्या एका स्पर्धेत दुसरी आली, आणि तिथून परतल्यावर बरीच वर्षं पासपोर्ट मिळाला नाही. त्या वर्षांत गिरण्यांच्या आणि खाणींच्या सभागृहांत वाजवलं. हिवाळ्यात तिथे हीटर नसायचे, म्हणून बोटं कापलेले हातमोजे घालून. पुढे पासपोर्ट मिळाला, तोवर वर्ग मोठा झाला होता आणि बाई गेल्या नाहीत. (हे शेवटचं वाक्य बाईंनी खोडलं. "गेल्या नाहीत काय? बोलावलं नाही कुणी. तेच लिही." मी अजून ते लिहिलेलं नाही.)

परिचयाच्या शेवटी कुटुंब येतं. तिथे "एक मुलगी" असं लिहू का? तुमचं नाव घालू का? बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तिलाच विचार." विचारायचं ते मी विचारलं. तुम्ही नको म्हणालात तर ती ओळ असणार नाही.

बाईंची प्रकृती उत्तम आहे.

आपली,
क्रिना बुदुशान

ता.क. कार्यक्रमाचा शेवट रोंडोने होणार आहे. कुठल्या, ते तुम्हाला कळेल. बाई तो बदलायला तयार नाहीत.


क्लुज, २ फेब्रुवारी

श्रीमती स्मारांदा यांस,

उत्तराची घाई नाही. मी लिहिते आहे ते मागच्या पत्रातल्या एका वाक्यामुळे. प्रकृती उत्तम आहे असं मी लिहिलं होतं. गुडघे, रक्तदाब, हात, सगळं उत्तम आहे. वाक्य खोटं नाही. पण ते पुरतं खरंही नाही, आणि ते टपालपेटीत पडल्यापासून मला नीट जेवण जात नाही.

बाईंकडे रविवारचं जेवण अजून तसंच असतं. त्या आंबट सूप वाढतात, आणि ते निवायच्या आत ज्याची पाळी असेल त्याने दारं म्हणून दाखवायची. डोळे मिटायचे, हात टेबलावरच्या रेग्झिनवर ठेवायचे आणि सांगायचं, रोंडोत मुखडा किती वेळा परत येतो आणि प्रत्येक वेळी कुठल्या दाराने बाहेर पडतो. चुकलं तर सूप गार. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही त्याच टेबलाशी वाढलात. पण मी खेड्यातून आले तेव्हा मला हे कळायला वर्ष लागलं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळा पुरी केलेली नाही. मुखडा दर वेळी सारखाच वाजतो आणि तरी प्रत्येक वेळी वेगळीकडे जातो, हे मला अन्यायाचं वाटायचं. बाई म्हणाल्या होत्या, "घर एकच असतं गं पोरी. पहिलं दार अंगणात, दुसरं तळघरात, तिसरं रस्त्यावर. तिसरं विसरलीस की जन्मभर घरातच."

डिसेंबरमध्ये छोट्या सभागृहात वर्गाचा कार्यक्रम झाला. शेवटी बाई स्वतः रोंडो वाजवायला बसल्या. मुखडा तिसऱ्यांदा आला आणि बाई अंगणात गेल्या.

म्हणजे पहिल्या दाराने. मग सगळं पुन्हा. अंगण, घर, तळघर. पुन्हा मुखडा, आणि पुन्हा अंगण. बाईंची पाठ ताठ होती, हात सुंदर चालले होते, एकही स्वर चुकला नाही. अखेर मुखडा संपताना त्यांनी दोन मोठे स्वरमेळ असे ठोकले, की जणू शेवट तिथेच होता. मग उठल्या आणि वाकून नमस्कार केला. खूप टाळ्या पडल्या. बाहेर आमच्या वर्गातला राझवान म्हणाला, "बाईंनी आज दुसऱ्यांदा वाढलं. पोट फुटेस्तोवर." मुलं हसली. मीही हसले, कारण न हसणारी मी एकटीच असते तर त्यांना कळलं असतं.

बाईंनी आजवर त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. मीही नाही.

एप्रिलमध्ये सभागृह भरलेलं असेल. बाईंनी चाळीस वर्षं ज्यांना पाठ चुकल्याबद्दल रडवलं, ते सगळे पुढच्या रांगांत असतील. त्यांच्यासमोर बाई पुन्हा त्या घरात अडकल्या तर काय होईल, एवढंच माझ्या डोक्यात चालू असतं. तुम्हाला का लिहिते आहे, तर दुसऱ्या कुणाला सांगणं मला बरोबर वाटत नाही. का, ते पुन्हा कधीतरी.

आपली,
क्रिना बुदुशान


क्लुज, २३ फेब्रुवारी

श्रीमती स्मारांदा यांस,

"पुन्हा कधीतरी" असं लिहून थांबणं म्हणजे लपवणंच झालं. म्हणून कारण सांगते.

बाईंनंतर त्यांचा वर्ग मला मिळणार आहे, असं सगळे धरून चालतात. बाईंनीच तसं डीनसाहेबांना सांगितलं आहे. परवा डीन प्रेकुप यांनी मला बोलावलं, कॉफी दिली, दार लावून घेतलं.

"क्रिना, तू तिच्या सगळ्यात जवळची. खरं सांग. म्हातारी ठीक आहे ना?"

"ठीक आहेत."

"डिसेंबरात म्हणे बरंच लांबलं."

"बाई रंगात होत्या."

"तसं नसेल तर आत्ताच सांग. कार्यक्रम रद्द करू, सत्कार ठेवू. फुलं, भाषणं, दोन विद्यार्थी वाजवतील. तूच वाजव ना! तिची अब्रू राहील आणि तुझंही मार्गी लागेल."

"तुझंही" हा शब्द त्यांनी प्रेमाने वापरला होता. पण बघा, मी खरं बोलले तर त्यात माझा फायदा, आणि गप्प राहिले तर बाई भर सभागृहात पडतील. कुठल्याही बाजूने माझे हात स्वच्छ राहत नाहीत. मी कॉफी पूर्ण प्यायले, कारण टाकणं उद्धट दिसलं असतं, आणि निघून आले.

घरी फोन केला. आई म्हणाली, "ज्या घरचं मीठ खाल्लंस त्याची बातमी बाहेर न्यायची नाही, बस." बाबांनी फोन घेतला. मग म्हणाले, "ज्याला आपला घोडा विकायचाय, त्याने दुसऱ्याचा घोडा लंगडा म्हणू नये. खरोखर लंगडा असला तरी." मी विचारलं, मग ते म्हणायचं कुणी? बाबा म्हणाले, "ज्याच्या घरचा घोडा, त्याने."

म्हणून तुम्ही. तुम्ही मुलगी आहात. तुम्ही सांगितलंत की थांबवा, तर मी थांबवीन. तुमच्या सांगण्यात तुमचा काही फायदा नाही.

तुमचं आणि बाईंचं काय झालं ते मला माहीत नाही. घरात तुमचा फोटो नाही. पण तुमचा उभा पियानो आहे, आणि दर वर्षी त्याचे सूर लावले जातात. त्यावर कुणाला वाजवू देत नाहीत.

आपली,
क्रिना


क्लुज, १७ मार्च

प्रिय स्मारांदाताई,

तुम्ही लिहिलंत की श्रीमती म्हणू नकोस, दाढ काढताना पेशंटही म्हणत नाहीत. म्हणून ताई लिहिलं. जवळीक वाटली असेल तर सांगा, बदलेन.

तुमचं पत्र लहान आहे. मला ते आता पाठ झालं आहे. तुम्ही लिहिलंत, "तिला वाजवू दे. अडकणं म्हणजे काय ते तिलाही कळू दे." पहिल्यांदा वाचून मी ते पुस्तकाखाली ठेवलं. पुढचा भाग संध्याकाळी वाचला.

वर्गाच्या कार्यक्रमात बाई विंगेत कुठे उभ्या राहतात ते मलाही माहीत आहे. पियानोच्या शेपटीपलीकडे, वाजवणाऱ्याने मान वर केली की समोर. ब्रोचपाशी बोटं धरतात. एक, दोन, तीन. मीही कितीदा तिकडे बघून दार ओळखलं आहे. पण तुमच्या स्पर्धेत बाई परीक्षकांत बसल्या होत्या आणि तुम्ही एकोणीस वर्षांच्या होतात, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही लिहिता, "माझं तिसरं दार चुकलं. मुखडा चौथ्यांदा आला तेव्हा मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिचा हात टेबलावर होता, पेन्सिल धरलेला. पेन्सिल हललीसुद्धा नाही. मग मी उठले." त्यानंतर तुम्ही वाजवलं नाही. आणि बाईंनी त्या दिवसाबद्दल कधी काही विचारलं नाही.

यावर मी काही म्हणणं योग्य नाही. परीक्षकाने खूण करू नये हा नियम बाईंच्या बाजूने होता, हेही मी म्हणणार नाही, कारण ते तुम्हाला माहीतच आहे.

तुमच्या पत्राने मला थांबवायचा अधिकार दिला नाही. मग मी दुसरं करून पाहिलं. रविवारी बाईंना म्हटलं, "बाई, समोर नोटेशन ठेवलं तर? मी पानं उलटेन. आता मोठमोठे लोक ठेवतात."

"मोठमोठे लोक दातही काढून ठेवतात ग्लासात. स्टेजवर नाही ठेवत."

"नुसतं असू दे. बघू नका."

"बघायचं नसेल तर कशाला? आणि बघायचं असेल तर चाळीस वर्षं पोरांना काय सांगत आले मी? वरातीच्या दिवशी कुबडी घेऊन नाचू?"

मी चमचा खाली ठेवला आणि जे कधी कुणी केलं नसेल ते केलं. म्हटलं, "मग दारं म्हणून दाखवा."

बाईंनी आपली वाटी बाजूला सारली. मला वाटलं, आता घरातून बाहेर काढणार. पण त्यांनी डोळे मिटले, हात रेग्झिनवर ठेवले आणि सगळी दारं म्हटली. पहिलं, दुसरं, तिसरं. प्रत्येकाचा डाव्या हातातला खालचा स्वरसुद्धा. एकदाही थांबल्या नाहीत. मग डोळे उघडून म्हणाल्या, "टेबलाशी सगळे घरातच असतात, क्रिनुत्सा. जेव. गार झालं."

म्हणजे त्यांना माहीत आहे. डिसेंबरचं माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही.

ताई, कार्यक्रम रविवारी, ७ एप्रिलला सकाळी अकरा वाजता आहे. बोलावणं हे माझं काम नाही, म्हणून फक्त कळवते.

तुमची,
क्रिना

ता.क. परिचयातल्या ओळीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. काही न लिहिणं म्हणजे नको, असं मी धरलं आहे.


क्लुज, १० एप्रिल

प्रिय स्मारांदाताई,

तुम्ही आला नाहीत, म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते.

माझी खुर्ची पहिल्या रांगेत डीनसाहेबांशेजारी होती. त्यांनी ती मुद्दाम राखली होती, उजव्या हाताला, जिथे फोटोत दिसते. मध्यंतरापर्यंत मी तिथे बसले. पूर्वार्ध फार चांगला झाला. बाईंनी निळा मखमली पोशाख घातला होता, कोपरांवर जरा झिजलेला. मध्यंतरानंतर डीनसाहेब म्हणाले, "बघ, उगाच घाबरत होतो आपण." मी म्हटलं, "साहेब, मी आत जाते." ते म्हणाले, "आता? लोक काय म्हणतील?" मी गेले.

विंगेत बाईंच्या जागी आगीसाठी नेमलेला बंबवाला स्टुलावर बसला होता.

"इथं उभं राहायचं नाही."

"मी बाईंची सहायक आहे."

"आज दारात जो येतोय तो बाईंचाच कुणीतरी आहे. फुलं घेऊन मागच्या बाजूला जा."

"माझ्याकडे फुलं नाहीत. मला फक्त इथे, या फळीवर उभं राहायचंय. रोंडो संपेपर्यंत."

"किती लांबतो?"

"ते सांगता येत नाही," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं. तो पुटपुटत बाजूला सरकला.

मी ब्रोच लावत नाही. कॉलरपाशी हात धरला. पहिल्यांदा मुखडा आला तेव्हा एक बोट, दुसऱ्यांदा दोन. बाईंनी मान वर केली नाही. त्या त्या दाराने बरोबर गेल्या. तिसऱ्यांदा मुखडा सुरू झाला, तशी मी तीन बोटं वर केली, आणि बाईंचा उजवा हात उघडून पहिल्या दाराकडे निघाला. अंगणात पोहोचल्यावर त्यांनी मान वर केली. तेव्हा त्यांनी मला पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्या तशाच वाजवत राहिल्या. अंगण, घर, तळघर. मी बोटं खाली घेतली नाहीत. हात दुखायला लागला तेव्हा दुसऱ्या हाताने कोपर धरलं. बंबवाला म्हणाला, "काय तीन? तीन काय?" मी म्हटलं, "काही नाही."

मुखडा पुन्हा आला. या वेळी बाईंनी पहिल्याच स्वराला मान वर केली आणि मुखडा संपेपर्यंत खाली घातली नाही. मग तिसऱ्या दाराने बाहेर पडल्या. रस्ता मोकळा होता. शेवट त्यांनी माझ्या आठवणीत कधी वाजवला नव्हता इतका हळू वाजवला.

सगळे उभे राहिले. बहुतेकांना वाटलं, रचनेत ते तसंच असतं. ज्यांना कळलं त्यांना कळलं. डीनसाहेबांना मी विंगेत दिसले होते. पहिल्या रांगेच्या त्या टोकावरून विंग दिसते, हे मला आधी सुचलं नव्हतं.

आत बाई बेसिनशी उभ्या होत्या. कार्यक्रमानंतर कोमट पाण्यात हात धरायची सवय तुम्हाला माहीत आहे. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उशीर केलास."

"नाही बाई. मी आधीच धरली होती. तुम्ही वर पाहिलं नाहीत."

"मग खोकायचं. घशाला काय झालं होतं?"

मी टॉवेल दिला. त्यांनी घेतला नाही. पाणी चालूच होतं. मग म्हणाल्या, "तू तिला लिहितेस."

मी हो म्हटलं.

"तिच्या वेळी मीपण धरली होती."

मला कळलं नाही. म्हटलं, "कुठे?"

"टेबलाखाली. गुडघ्यावर."

"किती?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"तीन. आणखी किती असणार?" त्यांनी नळ बंद केला आणि ओला डावा हात गुडघ्यापर्यंत खाली नेऊन मला दाखवला. उजव्या हातात पेन्सिल होती, म्हणाल्या. मग दारावर टकटक झाली आणि फुलं आत आली.

सोमवारी मी डीनसाहेबांकडे जाऊन डिसेंबरपासूनचं सगळं सांगितलं. जागेची जाहिरात रीतसर निघावी, मी इतरांसारखा अर्ज करीन, असं लिहून दिलं. ते म्हणाले, "तू मूर्ख आहेस, पण अर्ज कर." बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आता घोडा तुझा."

शेवटचं एक राहिलं आहे. बाई सांगतात ते सगळंच आता बरोबर असतं असं नाही. परवाच त्यांनी राझवानला गेल्या वर्षी पुरी शिकवलेली रचना नव्याने दिली. म्हणून टेबलाखालच्या हाताचं तुम्हाला असंच कळवणं मला योग्य वाटेना. काल सूप वाढताना, काही न सुचवता, मी पुन्हा विचारलं. त्यांनी तेच सांगितलं. डावा हात, गुडघ्यावर. आणि एक जास्तीचं सांगितलं. परीक्षकांच्या टेबलावर हिरवं कापड होतं, समोरच्या बाजूने जमिनीपर्यंत आलेलं. म्हणून दिसलं नसेल, म्हणाल्या.

मी तुमचं पत्र पुन्हा काढून पाहिलं. तुम्ही एकाच हाताबद्दल लिहिलं आहे.

हे पडताळून पाहण्यासारखं दुसरं कुणी मला माहीत नाही. तुम्ही त्या दिवशी मान वळवून पाहिलं होतं. एवढंच कळवा, ते कापड जमिनीपर्यंत होतं का?

तुमची,
क्रिना